तुटक रेघ

३ जून

ती. दादा,

साष्टांग नमस्कार गृहीत धरा. माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी हे पत्र वाचता वाचता तुम्ही पाय मागे घेतले असते.

तुमचं पाकीट पोचलं. इतक्या वर्षांनी तुमच्याकडून टपाल आलं म्हटल्यावर आमच्या हिला वाटलं, कुणीतरी गेलं. उघडून बघते तर अख्खं खानदान बाहेर आलं. दोरखंडाच्या कारखान्याला शंभर वर्षं होणार, ऑक्टोबरात नव्या इमारतीचं उद्घाटन, तळमजल्याच्या दालनात काळ्या दगडाची भिंत, भिंतीवर घराण्याची वंशावळ कोरणार. म्हणून सगळ्या शाखांच्या सह्या हव्यात. खाली 'वरील माहिती खरी आहे' असं छापलंय आणि मी कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली. एवढी काळजी तुम्ही माझी पहिल्यांदाच घेतलीत.

चष्मा लावून वाचलं. वर पणजोबा आणि पणजी. पणजीच्या नावाखाली तिचं माहेर, चांगलं नावाजलेलं. त्यांना दोन मुलगे. थोरले ते तुमचे आजोबा, धाकटे ते माझे. तुमच्या आजोबांकडं येणारी रेघ बोटभर जाड, काळी, सलग. माझ्या आजोबांकडं येणारी तुटक. ठिपका, मग मोकळी जागा, मग ठिपका. मला वाटलं छपाईत काहीतरी झालं असेल. तुमच्या मॅनेजरला फोन केला. म्हणाला, "साहेब म्हणाले, तिथं जागा कमी होती."

दादा, जागा कमी असली की रेघ बारीक होते. तुटत नाही.

ती का तुटली ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कारखान्याच्या आवारात आपण खेळायचो तेव्हा तुम्ही आम्हा भावंडांना 'नदीवालीची पिल्लं' म्हणायचात. पणजोबांनी म्हणे दोर वळायला येणारी नदीकाठची एक बाई ठेवली होती, आणि माझे आजोबा तिचे. पुढं तुमच्या बाबांनी माझ्या बाबांना फाटकावर अडवलं आणि सगळ्या कामगारांदेखत सांगितलं, "कारखाना घराण्याचा आहे." मी बाबांच्या शेजारी उभा होतो. कान तेव्हाही तिखट होते माझे. फाटकाच्या बिजागरीत तेल नव्हतं, ते कुरकुरणंसुद्धा लक्षात आहे.

बरं झालं म्हणा. त्या फाटकाबाहेर पडलो म्हणून लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावायला लागलो, आवाजावरून बेअरिंग ओळखायला शिकलो, आणि आज या शहरातली निम्मी माणसं माझ्या भरवशावर वरखाली करतात. तुमच्या नव्या इमारतीतली लिफ्टसुद्धा आमचीच आहे. तुमच्या आर्किटेक्टला आपलं नातं माहीत नव्हतं, नाहीतर त्यानं तीही तुटक ठेवली असती.

तर, मी सही करणार नाही. फुली खोडरबरानं पुसली आहे. ही वंशावळ मी जाणत्या माणसाकडून तपासून घेणार. मी नदीवालीचा निघालो तर भिंतीवर नदीवालीचं नाव घाला आणि तिच्यापासून माझ्यापर्यंत सलग रेघ ओढा. नाही निघालो तर तसं लिहा. शोध लागेल तो दोघांनी मान्य करायचा. बोला.

जाता जाता एक. आत्या, म्हणजे तुमची सख्खी आणि माझी चुलत, माझ्याकडं मजेत आहे. तुमच्या घराला जिना आणि माझ्या घराला लिफ्ट, म्हणून इथं राहते असं लोकांना सांगते. तिनं तुमचा मसुदा भिंगातून पाहिला. "यात माझी आजी कुठंय?" मी पणजीच्या नावावर बोट ठेवलं. तिनं खालचं माहेर वाचलं, भिंग मिटलं आणि म्हणाली, "ही नव्हे."

आपला,
तुटक


२७ जून

ती. दादा,

उत्तर नाही, पण तुमचा मॅनेजर दोनदा फोन करून "सहीचं काय झालं" विचारून गेला. त्याला सांगा, सहीचं अजून काही झालेलं नाही, वंशावळीचं मात्र बरंच काही होतंय.

मी ज्यांना काम दिलं त्या बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. आता लोकांची घराणी शोधून देतात. पहिल्या भेटीत मी त्यांना तासभर आपल्या घराण्याचं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, सगळे म्हणतात. "सगळे कशावरून म्हणतात?" त्यांच्या बापानं सांगितलं म्हणून. "आणि त्यांनी कशावरून?" मी त्यांचं नाव कशावरूनबाई ठेवलंय. तोंडावर नाही, भीती वाटते.

त्यांचा नियम साधा आहे. घरातली गोष्ट ही गोष्ट. ती खरी धरायची तर जिला त्या घराशी देणंघेणं नाही अशा जागेवरून तिला होकार यायला हवा. एका होकारावरही भागत नाही, दुसरा लागतो. आणि आपल्याला जे निघायला हवंय ते दुप्पट तपासायचं. हे शेवटचं ऐकून मी जरा खुर्चीत सरकलो.

आता गंमत. तुमच्या मसुद्यासोबत स्मरणिकेचा नमुना होता. त्यात कारखान्याच्या पहिल्या दिवसाचा फोटो. मध्ये पणजोबा, शेजारी खुर्चीवर पणजी, खाली दोघांची नावं, मागं दोन पोरं उभी. कशावरूनबाईंनी नगरपालिकेतून पणजीच्या मृत्यूची नोंद काढून आणली. माझ्या आजोबांच्या जन्मानंतर आठवड्याभरात ती वारली. आणि फोटोत माझे आजोबा चांगले पाच-सहा वर्षांचे, डोक्यावर टोपी घालून उभे आहेत.

दादा, मेलेली बाई खुर्चीवर बसून फोटो काढून घेते? तुमच्या घराण्याचा वकूब मोठा आहे, पण इतका?

नोंद चुकली असेल म्हणून कशावरूनबाईंनी जन्माची नोंद पाहिली, तिच्यावर औषधपाणी करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली जुनी कागदं पाहिली. नोंद बरोबर आहे. मग मी आत्यासमोर फोटो ठेवला. तिनं खुर्चीवरच्या बाईच्या गालावरून बोट फिरवलं. "ही माझी आजी."

"मग आधीची?"

"आधीची मेली. हिला घरात आणलं तेव्हा नाव तिचंच दिलं. म्हणजे बाहेर बोभाटा नको. पत्रिका छापायला नको, शेजाऱ्यांना सांगायला नको. हाक तीच, बाई दुसरी."

"हे तू आजवर बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलंय का आजवर? तुम्ही सगळे सांगतच होता."

तर दोन बायका होत्या, दादा, आणि नाव एक. शंभर वर्षं आपण दोघींना मिळून एकच नमस्कार करतोय.

आत्या म्हणते ती दुसरी, म्हणजे खुर्चीवरची, नदीकाठची. झोपवताना तिच्या भाषेतलं गाणं म्हणायची. मी ते आनंदानं कशावरूनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाणं शेजारणीकडूनही शिकता येतं. पुढं?"

तेव्हा पुढं काय ते बघायला मी नदीवर निघालोय. तुम्ही येणार असाल तर गाडीत जागा आहे. इथं कमी नाही.

आपला,
तोच


२१ जुलै

ती. दादा,

वकिलाची नोटीस मिळाली. 'घराण्याची बदनामी थांबवावी, अन्यथा आपली शाखा वंशावळीतून वगळण्यात येईल.' भाषा झकास आहे. शाखा वगळा. झाडाला विचारून फांदी तोडतात असं मी तरी ऐकलेलं नाही, पण तुमचा वकील शिकलेला दिसतो.

बदनामी म्हणजे काय हो? बाई नदीकाठची होती ही? की तिच्याकडून तुम्ही काय घेतलंत ती?

सांगतो. स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, पणजोबांनी स्वतःच्या प्रतिभेनं 'डावा पीळ' शोधून काढला आणि त्यावर कारखाना उभा राहिला. दोर विकणाऱ्याच्या पणतवाला मी काय शिकवू, पण स्मरणिका वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. सगळे वळतात तो उजवा पीळ. एकट्या दोराला ओझं टांगलं की पीळ सुटायला बघतो आणि ओझं गरगर फिरतं. उजव्याच्या जोडीला डावा लावला की दोघे एकमेकांना आवरतात, ओझं सरळ वर जातं. या एका गोष्टीवर गोदीतल्या सगळ्या ऑर्डरी आपल्याला मिळाल्या.

आता नदीवरचं ऐका. कशावरूनबाई आणि मी होडीच्या धक्क्यावर पोचलो. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "तुम्ही काही सांगायचं नाही. कारखाना, पणजी, लग्न, एक शब्द नाही. आपण सांगितलं की ते तेच परत सांगतात." मला गप्प बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी धक्क्यावर बसून नुसता कान लावून होतो.

तिथं एक म्हातारा इंजिनवाला आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या एका इंजिनाच्या झडपेचा आवाज बिघडलेला होता, तो मी न राहवून सांगितला, आणि आमची मैत्री झाली. त्याची सून जाळ्याच्या काठाला दोर ओवत होती. एक उजवा, एक डावा. मी विचारलं, दोन कशाला? ती हसली. "एकाच पिळाचे लावले तर जाळं पाण्यात वळतं, काका. आमच्याकडं पोरंसोरंही दोन्ही वळतात."

पोरंसोरं, दादा! तुमच्या पणजोबांची प्रतिभा!

कशावरूनबाईंनी म्हाताऱ्याला एवढंच विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी पूर्वी शहरात कामाला गेलं होतं?" त्यानं इंजिनातून डोकं काढलं. त्याच्या आजीची धाकटी बहीण शहरात दोरवाल्याकडं कामाला गेली. त्या मालकाला डावा पीळ तिनं शिकवला. तिला तिथं मूल झालं, मुलगा. मालकाच्या बायकोला मूल होत नव्हतं म्हणून मुलगा त्या घरात घेतला आणि हिला परत पाठवलं. काही वर्षांनी मालकाची बायको मेली, तेव्हा मालक स्वतः होडीनं आला. तान्हं पोर सांभाळायला कुणी हवं होतं. तो म्हणाला, चल, पण नाव तिचं घ्यावं लागेल. "आमची आजी आडवी पडली होती वाटेत. म्हणाली, नाव सोडून जायचं असतं का कुठं? ती म्हणाली, माझं पोर आहे तिथं."

मी कशावरूनबाईंकडं पाहिलं. त्या लिहीत होत्या. पेन थांबलं नाही, पण नाक ओढल्याचा आवाज मला आला.

आता तुम्ही हुशार आहात, हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. मीही परतीच्या वाटेवर गाडीत तोच करत होतो. आधी जन्मलेलं मूल कुठलं आणि नंतरचं तान्हं कुठलं? पण कशावरूनबाई म्हणाल्या, "ही अजून त्यांच्या घरातली गोष्ट आहे. रक्त बघू." म्हणून म्हाताऱ्यानं, मी आणि आत्यानं लाळेचे नमुने दिलेत. आत्याला नळी दिली तर म्हणते, "थुंकायचं? एवढंच? मला वाटलं होतं यासाठी काही परीक्षा असेल. आधी सांगितलं असतंस तर त्या वकिलाची नोटीस समोर ठेवली असती."

आपला,
वगळण्यात येणारा


१२ ऑगस्ट

ती. दादा,

निकाल आला. बसून वाचा.

माझ्यात नदीवालीचा थेंब नाही. म्हाताऱ्या इंजिनवाल्याशी माझं रक्ताचं नातं शून्य. मी त्या नावाजलेल्या माहेरवाल्या पहिल्या पणजीचा पणतू. तिच्या माहेरची मंडळी आजही आहेत, त्यांच्यातल्या एका मास्तरीणबाईंनी नमुना दिला, तो माझ्याशी जुळला. सलग. बोटभर जाड रेघ ओढावी इतका.

आत्याचं त्या मास्तरीणबाईंशी काही नाही. आत्याचं इंजिनवाल्याशी आहे. जितकं असायला हवं बरोब्बर तितकं. आणि आत्या ही तुमच्या बाबांची सख्खी बहीण.

कशावरूनबाईंनी कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "मृत्यूची नोंद, फोटो, त्यांच्याकडची हकीकत, आणि हे. चारही वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच दारात थांबले. आता मी 'कशावरून' विचारणार नाही." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच!

नदीवालीची पिल्लं तुम्ही आहात, दादा.

खरं सांगू? मी हसलो. ऑफिसचं दार लावून घेऊन हसलो. फाटक आठवलं, बाबा आठवले, ते तुटक ठिपके आठवले. वाटलं, ढोल बडवत तुमच्या दारात यावं. निकालाच्या प्रती काढून प्रत्येक लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटवाव्यात. मजले येईपर्यंत लोकांना दुसरं काम काय असतं?

घरी जाऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं तीही हसेल. तिनं तो जुना फोटो मागून घेतला. मग म्हणाली, "म्हणून ती बाबांना शिवायची नाही."

काय ते मी आत्याच्याच शब्दांत सांगतो, कारण मला ते नीट सांगता येणार नाही. "तुझ्या आजोबांना, म्हणजे धाकट्या काकांना, ती मोठेपणीसुद्धा केसांतून हात फिरवून जेवायला वाढायची. काका तिच्या मांडीवर वाढले. माझ्या बाबांचं ताट ती लांबून सरकवायची. बाबा आजारी पडले की दाराच्या चौकटीत उभी राहायची, आत यायची नाही. बाबा मला म्हणायचे, सावत्र ती सावत्र. घरातले म्हणायचे, बघा, धाकट्यावर किती जीव, तोच हिचा असणार. अरे, धाकट्याला जवळ घ्यायला तिला कशाची भीती नव्हती. तो तिचा नव्हताच. थोरल्याला हात लावला असता तर हातानं चुगली केली असती."

अख्ख्या घराण्यानं इथं स्वतःला फसवून घेतलं, दादा. माया दिसली तिथं रक्त आहे असं धरलं. आपल्याला माणसं मोजायची सवय, पण कुणी कुणाला जवळ का घेतं आणि कुणापासून लांब का उभं राहतं, हे कुणी कान देऊन ऐकलंच नाही. माझे बाबा त्या चुकीपायी फाटकाबाहेर गेले. तुमचे आजोबा त्याच चुकीपायी आईच्या डोळ्यांसमोर पोरके वाढले. कुणाचं जास्त गेलं, तुम्हीच ठरवा.

निकाल मी कुठंही चिकटवलेला नाही. मला 'नदीवालीचा' म्हणून हिणवलंत ते मी तुम्हाला परत देणार नाही, कारण ती शिवी नव्हतीच. तुम्हाला शिवी म्हणून दिली तर मीही तुमच्यातलाच एक झालो.

पण भिंतीवर तिचं नाव यायलाच हवं. त्यात मी बोटभर मागं हटणार नाही. पहिल्या पणजीच्या शेजारी, स्वतंत्र, तिच्या स्वतःच्या नावानं. आणि डाव्या पिळाखाली पणजोबांची प्रतिभा काढून तिचे हात लिहा. करा वकिलाला फोन. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते तुमच्याबद्दल म्हणतात असं मला आजवर वाटायचं. माझ्याबद्दलही म्हणत असावेत.

आपला,
धाकट्या घरचा


३० ऑगस्ट

ती. दादा,

तुमचं दोन ओळींचं उत्तर मिळालं. तुमच्या हातचं अक्षर बघून बरं वाटलं, वकिलाचं अक्षर फार सरळ होतं.

तुम्ही म्हणता, 'घटकाभर मान्य केलं, तरी तिचं स्वतःचं नाव कुणालाच ठाऊक नाही. दगडावर काय कोरणार? विषय संपला.'

विषय संपलेला नाही. इंजिनवाल्याच्या घरी ते नाव विसरलं गेलंय, हे खरं. त्याची आजी रागानं ते घेत नसे, 'गेलेली' म्हणायची. नगरपालिकेत नाही. फोटोखाली तर दुसरीचंच. कशावरूनबाईंनी हात टेकले. मी आत्याला म्हटलं, "तेवढं मात्र राहिलं बघ."

ती म्हणाली, "काय राहिलं?"

"तिचं नाव."

"ते होय. ते मला सांगितलंय तिनं. केस विंचरताना कानात. म्हणाली, कुणी विचारलं तर सांग."

दादा, मी खुर्चीतून उठलोच. "आत्या! दोन महिने आम्ही नदी पालथी घालतोय!"

"तू नदी पालथी घालत होतास. मला कुठं विचारलंस? तू विचारलंस आधीची कोण, नंतरची कोण, गाणं कुठलं, थुंकतेस का."

मग तिनं मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा कानातच. मोठ्यानं म्हण म्हटलं तर म्हणे, तसं मला मिळालेलं नाही. कशावरूनबाईंनाही कानात. त्यांनी बाहेर येऊन डोळे पुसले आणि व्यवसायाला शोभेल असं बोलल्या: "साक्षीदार एकच आहे. वंशावळीत 'नातीच्या सांगण्यावरून' अशी टीप घालावी लागेल." घाला म्हटलं, टीप घाला. टीप म्हणजे तुटक रेघ नव्हे.

मी ते नाव या पत्रात लिहिणार नाही. माझ्याकडून टपालानं मिळायची ती वस्तू नाही. तुम्ही तिचे पणतू, तुमचा कान आणा. माझ्या घरी यायला जिना चढावा लागत नाही. आत्या संध्याकाळी जागी असते, दुपारी तिला उठवलंत तर नावाऐवजी दुसरंच काही ऐकाल.

वाट बघत नाही असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू?

आपला,
भाऊ


१८ सप्टेंबर

ती. दादा,

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा लिफ्टच्या आवाजावरूनच कळलं, कुणीतरी आत शिरलंय पण बटण दाबायला तयार नाही. दार दोनदा बंद होऊन उघडलं. मी वर उभा राहून ऐकत होतो. खाली आलो नाही, कारण मी आलो असतो तर तुम्ही काहीतरी बोलला असतात.

आत्याच्या खोलीत तुम्ही वाकलात. तिनं एका हातानं तुमचा कान धरला, अगदी शाळेतल्यासारखा, आणि सांगितलं. तुम्ही सरळ झालात, पुन्हा वाकलात. "परत सांग." तिनं परत सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, "ती बाबांच्या बाबांना कधीच जवळ घ्यायची नाही?" आत्या म्हणाली, "ते गेले तेव्हा घेतलं. तेव्हा कोण विचारतंय." तुम्ही चहा न घेता गेलात. आमच्या हिला राग आला, मला आला नाही.

काल लिफ्टच्या शेवटच्या तपासणीला मी स्वतः तुमच्या नव्या इमारतीत आलो होतो. माझी माणसं म्हणत होती, सगळं ठीक आहे साहेब, तुम्ही कशाला येता. मी भिंत बघायला आलो होतो.

बघितली. पणजोबा मध्ये. एका बाजूला पहिली पणजी, माहेरासकट. दुसऱ्या बाजूला ती. तिचं नाव. दगडवाल्याचा हात चांगला आहे, अक्षरं खोल गेली आहेत. खाली छोट्या अक्षरांत, 'डावा पीळ यांनी आणला'. तिच्यापासून तुमच्या आजोबांकडं सलग रेघ, आणि पहिलीपासून माझ्या आजोबांकडं सलग रेघ. शास्त्रशुद्ध. कशावरूनबाईंनाही बोट ठेवायला जागा नाही. मी तिथंच पायरीवर बसलो. बाबा असते तर, असं म्हणणार होतो, पण बाबांना पायरीवर बसलेलं आवडायचं नाही.

मग जरा वेळानं माझ्या लक्षात आलं.

दादा, तुमचा धूर्तपणा काही जात नाही! दोन महिन्यांपूर्वी ही बाई तुम्हाला वकील लावून नको होती. आता ती कारखान्याची जननी ठरली, तर तुम्ही ती एकट्याची करून मोकळे? तिच्यापासून तुमच्या आजोबांकडं रेघ, ठीक. माझ्या आजोबांचं काय? ज्याला तिनं तान्हं असताना उचललं, ज्याच्या केसांतून हात फिरवला, ज्याच्यावर ती आपल्या पोराचीही माया उधळत राहिली कारण तिथं ती करायची मुभा होती? रक्त तुमच्या वाट्याला आलं. मांडी आमच्या.

मी कशावरूनबाईंना फोन केला. विचारलं, जन्म दिला नाही पण वाढवलं, असं असेल तर तुमच्या शास्त्रात काय करतात? त्या म्हणाल्या, "त्यालाही रेघ असते. तुटक काढतात."

हसू नका. मीही आधी हसून घेतलं.

तर मला ती हवी आहे. तिच्या नावापासून माझ्या आजोबांच्या नावापर्यंत. ठिपका, मोकळी जागा, ठिपका. तुमच्याकडं नमुना आहेच, जूनमध्ये तुम्हीच छापून पाठवला होता, फक्त चुकीच्या बाईपासून काढला होता. यावेळी जागा कमी आहे म्हणू नका, मी मापून आलोय.

दगडवाला म्हणाला, "साहेब, सलग रेघेपेक्षा तुटक कोरायला जास्त वेळ लागतो. छिन्नी दर वेळी उचलून पुन्हा टेकवावी लागते." मी म्हटलं, लागू दे, मीही आहे इथंच.

लिफ्ट तयार आहे. आवाज तर असा, की कान लावूनही ऐकू येऊ नये. पण चालू करायची किल्ली माझ्या खिशात आहे, आणि रेघ पुरी होईपर्यंत ती तिथंच राहील. उद्घाटनाचा हॉल सहाव्या मजल्यावर ठेवलाय तुम्ही. पाहुण्यांना जिना दाखवा, वकिलांना सगळ्यात आधी.

आत्याला घेऊन मी सकाळीच येईन. आम्हाला वर यायची घाई नाही. आम्ही खाली भिंतीपाशी असू, तिच्या नावाजवळ. तिला ठिपक्यांवरून बोट फिरवायचंय.

तुमचा,
सख्खा नव्हे, पण आपला
धाकटा